पान अडतीस

ऑस्ट्रेलियातल्या टॅलगूना गावच्या नगरपरिषदेच्या वाचनालयात दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला ‘सध्या वाचत आहे’ मंडळाची बैठक भरते. प्रत्येक सभासदाने उभे राहून आपण सध्या कोणते पुस्तक वाचत आहोत ते सांगायचे, त्यावर तीन मिनिटे बोलायचे आणि मग चहा व लॅमिंग्टन केक घ्यायचे. केक उत्तम असतात. नगरपरिषद यासाठी हीटर असलेली खोली देते आणि बदल्यात एक तक्ता भरून घेते. तक्त्यात रकाने दोनच: सभासदाचे नाव आणि सध्या वाचत असलेले पुस्तक.

मंडळाचे अध्यक्ष डेझमंड प्रूएट गेली अकरा वर्षे लोकरीच्या व्यापाराचा इतिहास, खंड पहिला, वाचत आहेत. ते पान सव्वीसवर आहेत. गावात त्यांना सखोल वाचक मानतात. चिटणीस ग्लेनिस थ्वेट्स आणि आणखी चौघे जण सहा वर्षांपासून एका पोस्टमास्तरीणबाईंवरची जाड कादंबरी वाचत आहेत. या बाई एक पत्र तीस वर्षे खणात ठेवतात आणि पोचवत नाहीत. त्या गप्प का राहतात, यावर मंडळात आजवर सत्तर वेळा चर्चा झाली आहे.

कोरली हिबर्ट मंडळात नवी. तीस वर्षे शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, त्यामुळे तिला साहित्यातल्या रीतीभाती ठाऊक नव्हत्या. तिने तीच कादंबरी घरी नेली आणि वाचली. शुक्रवारी दुपारी शेवटचे पान उलटले तेव्हा ती सिंकपाशी उभी राहून ढसाढसा रडली. नवरा वारलेला, मुलगी पर्थला. ऐकायला फक्त कुत्रा, आणि त्याला पोस्ट खात्यात वेगळ्याच कारणाने रस. मंगळवारपर्यंत तिने कसेबसे तोंड आवरले आणि बैठकीत सगळ्यांच्या आधी हात वर केला.

“मी ती पोस्टमास्तरीणबाईंची कादंबरी संपवली!”

ग्लेनिसचे पेन थांबले. “संपवली म्हणजे?”

“म्हणजे वाचली. शेवटपर्यंत.”

“मधली पानंसुद्धा?”

“हो, मधलीसुद्धा. अगं, शेवटी ते पत्र...”

पाचही जणांनी कानांवर हात ठेवले. डेझमंडनी कपावर चमचा वाजवला. “घाबरू नकोस, कोरली, इथे तुला कुणी बोलणार नाही. पण मग तू सध्या काय वाचतेयस?”

“सध्या काही नाही. अजून तेच डोक्यात घोळतंय.”

“डोक्यात घोळतंय याला रकाना नाही गं,” ग्लेनिस हळहळली.

मग नियमांचा अर्थ लावण्यात आला. कोरली सध्या काही वाचत नव्हती. सबब ती वाचक नव्हती. वाचक नसलेल्या व्यक्तीला बसू दिल्यास खोली हातची जाणार होती. शिवाय तिला शेवट ठाऊक असल्याने इतर पाच जणांच्या चालू वाचनाला तिच्यापासून धोका होता. नगरपरिषदेला फोन केला. तिथल्या अधिकारी बाईंनी थोडा वेळ थांबायला सांगून खुलासा केला, की पुस्तक संपवणे हा गुन्हा नाही, मात्र असा प्रकार यापूर्वी कोणी कळवलेला नाही. तरी शक्य तितक्या लवकर सभासदाला पूर्वस्थितीत आणावे.

त्यानुसार ठराव एकमताने संमत झाला. कोरलीने पुस्तकातली खूण पान अडतीसवर ठेवावी, कारण पाचही जणांच्या खुणांची सरासरी तिथे येत होती. आणि त्यापुढे आपण गेलो नाही असे लिहून द्यावे.

कोरलीला आधी हसू आले, मग राग आला. पण घरी फक्त कुत्रा होता, आणि पहिला मंगळवार महिन्यातून एकदाच येतो.

“आणा बाई तो कागद इकडे,” म्हणत तिने सही केली. टाळ्या वाजल्या. डेझमंडनी तिला ताटातला सगळ्यात मोठा लॅमिंग्टन दिला. “आता कशी आमच्यातली झालीस!”

बैठक संपवून ती गाडीत बसते न बसते तोच काचेवर टकटक झाली. ग्लेनिस होती. इकडेतिकडे बघत ती पटकन आत शिरली.

“काय गं, ते पत्र असतं तरी कुणाचं?”

कोरलीचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होते. “सांगते ना! पण आधी त्या पुराच्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल...”

“छे छे, तेवढा वेळ नाही. दोन वाक्यांत सांग. पुढच्या महिन्यात मला त्यावर बोलता आलं म्हणजे झालं.”

कोरलीने पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवले. “शेवटची चारच पानं आहेत. तू वाच. मी थांबते.”

ग्लेनिसने पानांकडे पाहिले, मग घड्याळाकडे. “वाचायचंय गं मला, खरंच,” दार उघडत ती म्हणाली. “सध्या वाचतेच आहे ना.” तिच्यामागे डेझमंड रांगेत उभे होते. त्यांना एकच वाक्य पुरणार होते.

कोरलीने गाडी सुरू केली. तिला फार वाईट वाटले. घरी पोचल्यावर तिने कुत्र्याला समोर बसवले आणि ती चार पाने मोठ्याने वाचून दाखवली. तो शेवटपर्यंत बसला. तक्त्यात त्याचे नाव नाही.

पुस्तक आता वाचनालयात परत आले आहे, दाराजवळच्या कपाटात, खूण पान अडतीसवर. ते पत्र कुणाचे होते हे तुम्हालाही जाणून घ्यायचे आहे, आणि तेही दोन वाक्यांत, हे दिसतेच आहे. सांगायला हरकत नाही. फक्त तुमच्या उशाशी जे पुस्तक पडून आहे, त्याची खूण कितव्या पानावर आहे तेवढे आधी कळवा. तक्त्यात जागा आहे.