दीपगृहावरून सासूबाई गायब

माझ्यासारखा गुप्तहेर या शहरात दुसरा नाही. एक होता, पण त्याला पोलिसांनी नोकरी दिली. पोटासाठी मी कुलपं दुरुस्त करतो, ते सोडा. समोरून येणाऱ्या माणसाची घराची किल्ली कुठल्या खिशात आहे, ते मी चालीवरून सांगतो. बायको म्हणते, म्हणूनच लोक आपल्याला घरी बोलवत नाहीत.

तर सासूबाई आल्या होत्या, त्यांना बंदरावरचं ते नावाजलेलं दीपगृह दाखवायला नेलं. वर चढलो, सज्जात उभं राहून समुद्र बघितला, वारा खाल्ला, उतरलो. खाली येऊन बघतो तर सासूबाई नाहीत. आणि दीपगृह बंद व्हायची वेळ झालेली.

बायको शांतपणे म्हणाली, "आई सापडली नाही, तर तुम्हीही घरी येऊ नका."

झालं, केस हातात घेतली. आधी पाणी तपासलं. समुद्र शांत होता, म्हणजे सासूबाई त्यात नव्हत्या. मग धक्क्यावरच्या फोटोवाल्याला धरलं.

"म्हातारी कुठे लपवलीस?"

"काका, माझ्याकडे कॅमेरा ठेवायला जागा नाही."

उत्तर तयारच होतं, म्हणून संशय वाढला. तेवढ्यात बोट सुटली. बोटीत कोणीतरी शाल गुंडाळून बसलेलं. मी ओळखलं, अपहरण. जोरात ओरडलो, "सासूबाई, घाबरू नका, मी आहे."

शाल बाजूला झाली. आत दाढी होती.

"वेषांतर," मी बायकोला म्हणालो.

ती मान वर करून उभी. "अहो, वर सज्जात छत्री कोण हलवतंय?"

"वारा मोजायचं यंत्र असेल."

"आईची छत्री घेऊन?"

ती तरातरा वर गेली, मी धापा टाकत मागे. सज्जाच्या दाराला आतून कडी. बायकोने ती काढली आणि सासूबाई आत आल्या.

मी लगेच गुन्हेगाराचं वर्णन सुरू केलं. "पुरुष. सगळ्यात शेवटी उतरलेला. हात सराईत. कडी एका झटक्यात..."

इथे मला जरा घाम फुटला. धंद्याची सवय वाईट. उघडं दार दिसलं की हात आपोआप कडीवर जातो.

"बोला की पुढे, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "मी काचेतून बघत होते. हाका मारल्या, पण वाऱ्यात ऐकतंय कोण? कडी लावलीत, दोनदा हलवून बघितलीत, वर छाती फुगवलीत."

"आरोपी सापडला म्हणायचा," बायको म्हणाली.

"सापडला," मी म्हणालो. "बघा, माझ्या हातून आजवर एकही सुटलेला नाही."

परत येताना प्रत्येक दारातून सासूबाईंनी मला आधी जायला लावलं. टॅक्सीच्यासुद्धा.