सरड्याचं कार्ड

विभागप्रमुख सर घरी यायला पाऊण तास उरला होता, आणि नेमका तेव्हाच बाईंच्या सासूबाईंनी पंखा लावला.

संगणक घरोघरी येण्याच्या आधीची गोष्ट. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी दोन वर्षं खपून पाठीचा कणा असलेल्या समस्त प्राण्यांच्या अवयवांची वर्गवारी केली होती. मासे, बेडूक, सरडे, पक्षी आणि दूध पाजणारे, अशी बुटांची पाच खोकी. प्रत्येक अवयवाला एक कार्ड. सरांना पसंत पडली तर ती छापायला जाणार, नाहीतर काम विभागातल्या दुसऱ्या मास्तरांकडे. शेवटची मोजणी करायला बाईंनी तीनशेच्या तीनशे कार्डं टेबलावर काढली होती. पंख्याच्या एका गिरकीत सगळी सृष्टी जमिनीवर आली.

"उचलायला कितीसा वेळ लागतोय," सासूबाई म्हणाल्या. "कुठलं कुणाचं तेवढं सांग."

बाईंनी एक कार्ड उचललं. यकृत. दुसरं उचललं. यकृत. प्राण्याचं नाव एकाही कार्डावर नव्हतं. खोक्यावर आहे ते पुन्हा कशाला लिहा, हा शहाणपणा त्यांचाच.

"आई, मला घाम फुटलाय."

"म्हणून तर पंखा लावला होता."

सरांना थांबवावं म्हणून बाई शेजारी फोन करायला धावल्या. सर केव्हाच निघाले होते. परत येऊन बघतात तर पाचही खोकी भरलेली.

"पत्ते वाटतात तशी वाटली," सासूबाई म्हणाल्या. "प्रत्येकाला साठ. चार पोरं वाढवलीत मी, वाटणीवरून कधी भांडण नाही."

तेवढ्यात बेल वाजली.

शितावरून भाताची परीक्षा ही सरांची रीत. प्रत्येक खोक्यातून ते एकच कार्ड काढत. माशांतून निघालं फुप्फुस. बाईंनी डोळे मिटले.

"वा," सर म्हणाले. "फुप्फुसं असलेले मासे लोक हमखास विसरतात."

बेडकाला दात निघाले. "वरच्या जबड्यात असतात खरे." पक्ष्याला खवले. "पायांवर, बरोबर." दूध पाजणाऱ्यांच्या खोक्यातून चोच निघाली, तेव्हा सर खुर्चीतून अर्धे उठलेच. "प्लॅटिपससुद्धा सोडला नाहीत तुम्ही!"

बाईंनी एक डोळा उघडला. सासूबाई पदराने टेबल पुसत होत्या.

राहिला सरडा. सरांनी कार्ड काढलं, वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"दुग्धग्रंथी," ते म्हणाले. "बाई, हा कुठला सरडा?"

बाई खोक्याचं झाकण लावायला लागल्या.

"का हो," सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही सगळे सरडे बघितलेत?"

सरांनी कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'तपासावे' असं लिहिलं आणि मंजुरीच्या कागदावर सही केली.

सर गेल्यावर बाईंनी आठ रात्री जागून जुन्या टिपणांवरून सगळी कार्डं जागच्या जागी लावली. सरड्याचं ते एक मात्र तिथंच राहिलं. त्यावर सरांचं अक्षर होतं, आणि सगळे सरडे बघितलेला माणूस कॉलेजात अजून कुणी निघालेला नाही.