आकर्षण क्रमांक सात

शहराचे मोठेपण तिथे राहणाऱ्या माणसांवरून ठरत नाही, चार दिवसांसाठी येऊन जाणाऱ्यांवरून ठरते. राहणारे काय, कसेही राहतात. पाणी नसले तरी राहतात, वीज नसली तरी राहतात, दोन्ही नसले की एकमेकांशी भांडत राहतात, पण राहतात. पाहुण्याचे तसे नसते. त्याला बघायला काही मिळाले नाही तर तो उठून दुसऱ्या शहरात जातो. म्हणून शहाणे शहर आधी पाहुण्याची सोय बघते. (राहणाऱ्यांची सोय बघायला वेगळे खाते आहे. त्या खात्याचा जिना सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे.)

या तत्त्वाला धरून शहराच्या पर्यटन व सांस्कृतिक कक्षाने वर्षअखेरीपर्यंत सात नवी आकर्षणे शोधायचे ठरवले. सहा चुटकीसरशी सापडली. चौकातल्या मनोऱ्यावरची चार घड्याळे चार वेगळ्या वेळा दाखवायची, त्याचा 'जागतिक वेळ मनोरा' झाला. नदीवर मध्येच संपलेल्या पुलाचा 'क्षितिज सज्जा' झाला. दाखले देण्याच्या कचेरीतली खिडकी क्रमांक तीन, जिच्यापुढे माणसे वर्षानुवर्षे मुकाट उभी असतात, ती 'मौन साधना केंद्र' म्हणून जाहीर झाली. तिथे पाहुण्यांना रांगेत उभे करतात आणि पुढे सरकू देत नाहीत, म्हणजे अनुभव अस्सल राहतो. बाकीची तीनही याच तोडीची. (एक बंद आहे, एक पडले, आणि एक नेमके कुठे आहे हे शोधायला समिती नेमली आहे.)

सातवे काही सापडेना. मग एक दिवस कक्षाच्या संचालकबाई लांबून आलेल्या एका पाहुण्याला गाडीतून शहर दाखवत असताना गाडी बाजारामागच्या गल्लीत अडकली. कोपऱ्यावर रस्त्यातून पाण्याची धार उसळत होती, चांगली पुरुषभर उंच. पाहुण्याने काच खाली करून विचारले, हे काय? आता, 'पाइप फुटलाय, चार वर्षं झाली,' असे खरे उत्तर देणारा माणूस संचालक होत नसतो. बाई म्हणाल्या, "झरा."

पाहुणा म्हणाला, "वा!"

झाले. आठवड्याभरात धारेभोवती कठडा आला, रंगीत दिवे आले, तीन बाकडी आली आणि पाटी आली : 'आकर्षण क्रमांक सात – प्राचीन झरा'. प्राचीन या शब्दावर बैठकीत बराच खल झाला म्हणतात. चार वर्षांचे काही प्राचीन होत नाही, असे एका सदस्याचे मत पडले. पण पाइप साठ वर्षांचा आहे हे दुसऱ्याने कागदोपत्री दाखवून दिले, तेव्हा सगळ्यांचे समाधान झाले.

नेमक्या त्याच आठवड्यात पाणीखात्यातल्या फिटरच्या हातात त्या गळतीच्या दुरुस्तीचा हुकूम पडला.

फिटर बावीस वर्षे नोकरीत होता. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवून तिला कान लावायचा आणि खाली पाणी कुठे जातेय ते सांगायचा. सळई खोटे बोलत नाही, असे तो म्हणे. (म्हणूनच खात्यात तिला बढती नाही.) पण हुकमाशिवाय रस्त्याला कुदळ लावता येत नाही, आणि हुकूम तक्रारीशिवाय निघत नाही, आणि तक्रार सतरा वेळा केल्याशिवाय ती तक्रार धरत नाहीत. त्या सतराही तक्रारी एकाच बाईच्या होत्या. गळतीसमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी ही बाई म्हणजे फिटरची सख्खी थोरली बहीण.

सगळे पाणी रस्त्यावर उसळत असल्याने तिसऱ्या मजल्यावर थेंब चढत नसे. ताई रोज तळमजल्याच्या नळावरून सहा बादल्या वर न्यायची, पायऱ्या बासष्ट. दाजी दिवसभर शिलाई मशीनवर; त्यांच्या पायांत तेवढेच बळ उरलेले. चार वर्षांत ताईचा डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, जिने चढू नका. ताई म्हणाली, बरं, आणि बादली उचलली.

"पाणीखात्यात माझा भाऊ आहे असं मी हल्ली कुणाला सांगत नाही," ती फिटरला म्हणायची. "लोक हसतात रे तोंडावर."

तर हुकूम मिळाल्या मिळाल्या फिटर पाना, पाइप जोडायच्या कॉलर आणि कुदळ घेऊन धावतच गल्लीत आला. कठड्यापाशी नवा पहारेकरी उभा होता.

"सामान बाहेर ठेवा," पहारेकरी म्हणाला.

"गळती बंद करायला आलोय."

"कुठली गळती?"

फिटरने बोट दाखवले. तेवढ्यात वारा फिरला आणि दोघांच्याही तोंडावर सपकारा बसला.

"हा झरा आहे," पहारेकरी तोंड पुसत म्हणाला. "खोटं कशाला बोलू, मलाही आधी गळतीच दिसायची. मग मला टोपी दिली."

फिटर कक्षात गेला. उपसंचालकांनी त्याला बसायला खुर्ची दिली, यावरूनच प्रकरण अवघड आहे हे त्याला कळले. फायलीत 'गळती' हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे खोडून 'उद्गम' केला होता. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता. उलट पाहुण्यांचे अभिप्राय आले होते. एक्क्याऐंशी टक्के पाहुण्यांना झरा आवडला, बारा टक्क्यांना धार बारीक वाटली, आणि सात टक्क्यांचे कागद भिजल्याने वाचता आले नाहीत. (त्यांची गणना 'भारावून गेलेले' या सदरात केली आहे.) तेव्हा फिटरने आता आलाच आहे तर धार वाढवून द्यावी.

"धार वाढवायची तर समोरच्या इमारतीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागेल, साहेब. आत्ता निदान तळमजल्याला तरी येतंय. तेही जाईल."

"जाऊ दे की."

"तिथे माझी बहीण राहते."

"अरे वा!" उपसंचालक उठून उभे राहिले आणि त्यांनी फिटरचा हात हातात घेतला. "म्हणजे आपल्या घरातूनच सुरुवात!"

आणि हात सोडता सोडता मैलाखात्यात एक जागा रिकामी असल्याचेही त्यांनी सहज सांगितले. फिटरला दोन मुली होत्या, घराचे भाडे होते आणि नाक होते. त्याने व्हॉल्व्ह बंद केला. चावी फिरवताना इमारतीकडे पाठ करून उभा राहिला. पाठीला डोळे नसतात म्हणतात. त्या दिवशी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ताई उभी होती.

धार दोन मजले गेली. वर्तमानपत्रात फोटो आला.

आता इमारतीत कुठेच पाणी नाही म्हटल्यावर बायका बादल्या घेऊन झऱ्यावर आल्या. पहारेकऱ्याने शिट्टी मारली. पण पाहुण्यांनी कॅमेरे काढले. एकाने तर बादलीवाल्या बाईला, पुन्हा एकदा खालून वर जा, असे हाताने सांगितले. ही गोष्ट संचालकबाईंच्या कानावर गेली, आणि अडचणीतून संधी काढण्याची जी नजर त्यांना उपजतच आहे तिच्या जोरावर त्यांनी आठ दिवसांत सांस्कृतिक कार्यक्रम उभा केला. 'जलवाहिनी – श्रमाचे लोकनृत्य', रोज सायंकाळी पाच वाजता, सोमवार सोडून.

कार्यक्रमाचे नियम साधे होते. बायकांनी एका रंगाच्या साड्या नेसून बादल्या घेऊन इमारतीचा रस्त्यावरून दिसणारा जिना चढायचा. पाहुणे समोरच्या बाकड्यांवरून बघणार. बादल्या रिकाम्या असाव्यात, कारण भरल्या बादलीने चेहऱ्यावरचे भाव बिघडतात, आणि झऱ्यातले पाणी काढणे हा आकर्षणाची हानी केल्याचा गुन्हा आहे. (पिण्याचे पाणी कलाकारांना दर दिवशी एक तांब्या. तांब्या परत करावा.) मुख्य भूमिका ताईला मिळाली. तालमीत संचालकबाई तिची चाल बघून थक्कच झाल्या.

"या चालीत लय आहे," त्या म्हणाल्या. "डावा पाय बघा कसा मागे रेंगाळतो. हे शिकवून येत नाही."

"गुडघ्याची वाटी झिजल्यावर येतं," ताई म्हणाली.

बाईंनी लगेच टिपून घेतले, आणि करारात एक कलम वाढवले : कलाकाराने कराराच्या मुदतीत गुडघ्यावर उपचार करून घेऊ नयेत.

धारेची उंची कार्यक्रमात कमीजास्त करायला फिटरला व्हॉल्व्हपाशी नेमले होते. म्हणजे रोज पाच वाजता बहीण रिकामी बादली घेऊन जिना चढायची आणि भाऊ तिच्या नळाचे पाणी हवेत उडवायचा. पहिल्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर तो वर गेला. ताईने त्याला बस म्हटले नाही.

"टाळ्या ऐकल्यास?" ती म्हणाली. "लई वाजल्या. आता त्या टाळ्यांनी भांडी घासते."

तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा गुडघा सटकला. ती धपकन खाली बसली आणि बादली गडगडत रस्त्यावर आली. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. इतक्या टाळ्या त्या कार्यक्रमाला आजवर पडल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या मजल्यावर पडणे कार्यक्रमात कायम करण्यात आले.

फिटर व्हॉल्व्हपाशी उभा राहून हे बघत होता. त्याला शूर म्हणावे असे त्याच्या उभ्या आयुष्यात काही घडले नव्हते. पण सोमवारी, कार्यक्रमाला सुट्टी असताना, भर दुपारी तो सामान घेऊन आला. पहारेकऱ्याने त्याच्याकडे बघितले, कुदळीकडे बघितले, आणि टोपी काढून खिशात घातली. टोपी नसली की त्याला ती गळतीच दिसत असे.

मुख्य चावी बंद. रस्ता खणला. तडकलेला तुकडा कापून काढला, नवा बसवला, दोन्ही बाजूंनी कॉलर, आठ बोल्ट. चाळीस मिनिटे लागली. (यात आधीची चार वर्षे धरलेली नाहीत.) मग त्याने इमारतीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, सळईला कान लावला आणि पाणी वर चढताना ऐकत बसला.

वर ताईच्या ओट्यावरचा नळ आधी खोकला. मग एक कोळी बाहेर पडला, मग गंजाचे लाल पाणी, आणि मग स्वच्छ. ताईने बादल्या भरल्या, पातेली भरली, डबे भरले, दाजींचा दाढीचा मग भरला. सगळे भरून झाल्यावरही नळ बंद करेना.

"अहो, बंद कर की," दाजी म्हणाले. गडबडीत त्यांचे अहोजाहोही उलटसुलट झाले.

"थांबा," ताई म्हणाली. "आवाज ऐकू दे जरा."

फिटर दारात उभा होता. तिने त्याला बस म्हटले.

मंगळवारी सकाळी तो निलंबनाला जायचे म्हणून स्वच्छ इस्त्रीचे कपडे घालून गल्लीत आला. झऱ्याच्या जागी बुजवलेला खड्डा होता आणि भोवती पाहुण्यांची गर्दी. संचालकबाई, उपसंचालक, दोन समित्या, सगळे हजर. पण खड्ड्याकडे कुणी बघत नव्हते. पाहुण्यांतली निम्मी माणसे इमारतीच्या जिन्यावर चढली होती आणि वरून एका बाईचा आवाज येत होता :

"अगं, खरंच येतंय! नळाला! हात लाव, हात लाव!"

संचालकबाई वर गेल्या. फिटरही गेला. ताईच्या स्वयंपाकघरात पंधरा माणसे नळाभोवती उभी होती आणि एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत होते. संचालकबाई बराच वेळ नळाकडे बघत राहिल्या.

"हे असं," त्यांनी फिटरला हळूच विचारले, "शहरात दुसरीकडे कुठे आहे?"

"नाही, बाई," फिटर म्हणाला. बावीस वर्षांची खरे बोलायची खोड. "अजून तीनशे अठरा गळत्या आहेत. मला दोन माणसं द्या, महिन्याभरात निम्म्या शहराला..."

"वेडे आहात का?" बाई म्हणाल्या. "सगळीकडे आलं तर इथे बघायला कोण येईल?"

फिटरचे निलंबन झाले नाही, सत्कार झाला. त्याची दुरुस्तीच्या कामावरून कायमची मुक्तता करून 'नळपाल' या नव्या पदावर नेमणूक झाली, आणि तीनशे अठराही हुकूम दुर्मिळतेच्या संरक्षणार्थ रोखून धरले गेले. आकर्षण क्रमांक सातची नवी पाटी लागली : 'वाहता नळ'. वेळ दहा ते सहा. त्या वेळात नळ सतत सुरू असतो, पाहुण्यांचा हिरमोड नको. ते पाणी खिडकीतून नळीने खाली रस्त्यावर सोडतात. घरच्यांना सकाळी सात ते नऊ नळ वापरायची मुभा आहे, नळाभोवती बांधलेल्या दोरीला धक्का न लावता. दाजींची मशीन गच्चीवर हलवली.

"पाणी आलं रे घरात," ताई भावाला म्हणाली. जिन्यातल्या पायरीवर बसून ती गुडघ्याला तेल लावत होती. "आता घर तेवढं शोधून दे."

कक्षाच्या ताज्या आकडेवारीनुसार हा नळ शहरातले सर्वात यशस्वी आकर्षण आहे. पाहुण्यांपैकी बाहेरगावचे नऊ टक्के. उरलेले एक्क्याण्णव टक्के याच शहरातले.

त्यांत तुम्ही होतात. नाही म्हणू नका, पाहुण्यांच्या वहीत सही आहे. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन आलात, दोन तास रांगेत उभे राहिलात आणि कुरकुर केली नाहीत. नळाखाली बोट धरून फोटो काढून घेतलात. आपलं शहर कुठच्या कुठे गेलं, असे मागच्या माणसाला म्हणालात. घरी जाऊन स्वतःचा नळ उघडलात, त्याने नुसती हवा सोडली, तुम्ही तो बंद केलात आणि फोटो नातेवाइकांना पाठवत बसलात.

नळाशेजारी गणवेशात एक माणूस उभा होता. तुमच्या गल्लीतल्या गळतीचा हुकूम अकरा महिने त्याच्या वरच्या खिशात घडी करून पडला आहे. तुमचा नंबर आला तेव्हा त्याने इकडेतिकडे बघितले, खिशाकडे हात नेला आणि हळूच विचारले, "तुम्ही कुठल्या गल्लीतले?"

तुम्ही त्याला म्हणालात, "काका, जरा बाजूला सरका. नळ दिसत नाहीये."