एक आजारी, चार सोबतीला

परसूअण्णांच्या मांजरांना मराठी येतं. हे मी नाही म्हणत, परसूअण्णा म्हणतात. मांजरं गिरणीत जन्मली, गिरणीत वाढली, दळणाला आलेल्या बायकांच्या गप्पा ऐकत मोठी झाली, मग येणारच की मराठी! म्हणून मांजरांना दवाखान्यात न्यायचा विषय निघाला की हा माणूस कन्नडवर येतो.

कारवारच्या घाटावर, कुंभारवाड्याला मी पोस्ट सांभाळते. गिरणी शेजारीच. मी पोस्टाचं कुलूप काढत असते तेवढ्यात पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया माझ्या खांद्याशी येतात आणि परसूअण्णा कानात सांगावं तसं सांगतात, "अक्का, नाळे बेळिग्गे. आस्पत्रे." म्हणजे, उद्या सकाळी, दवाखाना.

कानात म्हणजे त्यांच्या हिशेबानं कानात. उभा जन्म गिरणीच्या धडधडीत गेल्यामुळं त्यांचं कुजबुजणं बस थांब्यापर्यंत ऐकू जातं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि मांजरांनाही. सकाळी बघावं तर गिरणीत एक शेपूट दिसेल तर शपथ.

"कन्नड शिकली हो!" परसूअण्णा कपाळावर हात मारून म्हणाले. मग त्यांनी कोकणी धरली. पण कारवारकडून घाट चढून येणारी मासेवाली आठवड्यातून दोनदा गिरणीच्या पायरीवर टोपली टेकते आणि तासभर कोकणीत बोलते. मांजरांची कोकणी परसूअण्णांपेक्षा चांगली निघाली. शेवटी मी त्यांना 'टुमारो मॉर्निंग' शिकवलं. ते अजून चालतंय. मांजरांना इंग्रजी येत नाही म्हणून, की टुमारोचं त्यांच्या तोंडी 'टमाटो' होतं म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

मांजरं पाच. नावं गिरणीतली: रवा, कोंडा, नाचणी, हळद आणि मिरची. रवा पांढरी, कोंडा तांबूस बोका, नाचणी वयानं सगळ्यांत मोठी. मिरचीचा रंग काळा आहे, नाव रंगावरून पडलेलं नाही.

परसूअण्णांचं वय साठीच्या पुढं. लग्न केलं नाही. गिरणीच्या मागच्या खोलीत एकटे राहतात. भाऊ आहेत, त्याच गावात, वरच्या वाडीवर. पण परसूअण्णांना तिकडं जाताना मी कधी पाहिलं नाही. दळण घेताना 'बारीक का जाड?' विचारून विचारून तो प्रश्न त्यांच्या जिभेवर असा बसलाय की जगातल्या कुठल्याही गोष्टीला ते तोच लावतात. "पाऊस बारीक हाय का जाड?" "जावई बारीक मिळाला का जाड?" माझ्या सासूबाईंना ताप आला तेव्हा पेज घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, "म्हातारीचं दुखणं बारीक हाय का जाड?" सासूबाई आतून ओरडल्या, "जाड हाय, पर मी मरत न्हाई!"

तर, गोष्ट सुरू झाली ती गेल्या वर्षी. कोंड्याचा पाय सुजला. परसूअण्णा त्याला एकट्यालाच घेऊन बसनं जोयड्याच्या गुरांच्या दवाखान्यात गेले. गळू फोडलं, पट्टी बांधली, संध्याकाळच्या बसनं परत. कोंडा लंगडत गिरणीत शिरला आणि जे व्हायचं ते झालं. त्याच्या अंगाला औषधाचा वास. नाचणी, जी त्याला पिल्लू असल्यापासून चाटत आली, ती पाठ वाकवून फिस्स करून उठली. हळद पळाली. मिरचीनं तर उडीच घेतली आणि त्याचा कान फाडला.

पाच दिवस कोंडा आमच्या ओट्यावर झोपला. परसूअण्णांनी दोन दिवस गिरणी बंद ठेवली. गावात भाकऱ्यांचे वांधे झाले. बायका डबे घेऊन दारात उभ्या आणि हे आत मांजरांसमोर मांडी घालून बसलेले. "अगं तुमचाच हाय! तुमचाच कोंडा! वास बदलला तरी मानूस तोच न्हवं?" शेवटी त्यांनी आपला पंचा पाचही मांजरांच्या अंगावरून फिरवला. रोज सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. सगळ्यांना एकच वास, परसूअण्णांचा. तेव्हा कुठं नाचणीनं कोंड्याचा फाटका कान चाटला.

त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आता न्यायची तर पाची न्यायची. एकट्याला धाडायचं न्हाई."

ऐकून आम्ही हसलो. पण या थंडीत रवानं खाणं सोडलं. तोंडातून लाळ गळायची, पंजानं सारखी गाल ओढायची. परसूअण्णांनी तिच्यापुढं दूध ठेवलं, पेज ठेवली, बांगड्याचा मधला तुकडा ठेवला. नुसता वास घेऊन ती तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी ती दळणाच्या रिकाम्या डब्यामागं जाऊन बसली आणि हाक मारली तरी बाहेर येईना. परसूअण्णा पोस्टात आले. त्या दिवशी आवाज खरोखरच हळू होता.

"अक्का, टमाटो मॉर्निंग. दुखणं जाड हाय."

आमच्या यांची जुनी व्हॅन आहे. हे आधी नाही म्हणाले, मग परसूअण्णांचा चेहरा बघून तयार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुट्टी टाकली. परसूअण्णांनी पिठाच्या पाच कापडी पिशव्या धुवून ठेवल्या होत्या. मांजर पिशवीत, नाडी गळ्याशी सैल, डोकं बाहेर. रवा निमूट गेली. कोंडा आणि हळद सुकटीला फसली. नाचणी आपल्या पायानं चालत आली, वडीलधाऱ्या बाईनं गाडीत बसावं तशी. मिरची गिरणीच्या आढ्यावर. तिला उतरवायला आमचे हे शिडीवर चढले आणि उतरले तेव्हा त्यांच्या हातावर चार रेघा होत्या.

"दुखतंय का?" परसूअण्णांनी विचारलं.

"बारीक," हे दात आवळून म्हणाले.

वाटेत जंगलखात्याचा नाका. गार्ड नवीन होता. त्यानं खिडकीतून वाकून पाहिलं तर मागच्या सीटवर ओळीनं पाच पिशव्या, पाच डोकी आणि दहा डोळे.

"हे काय हाय?"

"वाघ न्हाईत साहेब," परसूअण्णा म्हणाले. "वाघाच्या मावश्या हायत."

गार्ड बराच वेळ बघत राहिला. मिरचीनं त्याच्यावर फिस्स केलं. त्यानं दांडा वर केला. "जावा. पर मावशीला भाच्यांच्या रानात सोडू नका."

दवाखान्यात आमच्या पुढं एक म्हैस होती आणि दोन शेळ्या. मिरचीनं म्हशीला असं काही सुनावलं की म्हैसवाला आपण होऊन म्हणाला, "तुमी जावा आधी."

डॉक्टरीणबाई तरुण, धारवाडकडच्या. मराठी त्यांना येत नाही. त्यांनी पाच पिशव्या पाहिल्या आणि कन्नडमध्ये विचारलं, "आजारी किती?"

"एक," मी सांगितलं.

"आणि बाकीची चार?"

"सोबतीला."

त्या वैतागल्या. दिवसभराचं काम बाहेर खोळंबलंय, टेबल एकच, एका मांजरासाठी ही जत्रा कशाला? बाकीची बाहेर न्या. मी पिशव्या उचलायला लागले तर परसूअण्णांनी माझा हात धरला.

"अक्का, बाईंना सांगा," ते म्हणाले. मोडकं का होईना, कन्नड त्यांना येत होतं, पण ते मराठीतच बोलले आणि मी एकेक वाक्य कन्नडमध्ये सांगत गेले. आधी कोंड्याच्या फाटक्या कानाची गोष्ट झाली, मग त्यांची स्वतःची.

"मी एकोनीस वर्सांचा व्हतो. छातीचा रोग झाला. बेळगावाकडं मोठ्या दवाखान्यात सात म्हैने व्हतो. एकटाच. बरा झालो. डाक्टरनं कागद दिला, आता कुनाला काय व्हनार न्हाई म्हनून. कागद घेऊन घरला आलो."

मी सांगितलं.

"दारात सगळी व्हती. आई, भाऊ, वैनी. कुनी वाईट बोललं न्हाई बगा. फिस्स बी केलं न्हाई. नुसतं जेवायच्या वक्ताला माझं ताट भाईर ओट्यावर ठेवलं. दुसऱ्या दिशी बी. म्हैनाभर. मग म्या गिरणीत ऱ्हायला आलो."

हे वाक्य कन्नडमध्ये सांगताना मी मध्येच अडखळले. शब्द येत नव्हते असं नाही. डॉक्टरीणबाई थांबल्या. मी पुरं केलं.

बाईंनी रवाला टेबलावर घेतलं, सुई दिली, ती सुस्तावल्यावर तोंड उघडून आत बॅटरी मारली. वरच्या दाढांमध्ये बांगड्याचा काटा आडवा रुतून बसला होता, भोवती पू. चिमट्यानं ओढला तेव्हा परसूअण्णांनी डोळे मिटून घेतले होते. "आला," मी म्हटलं. त्यांनी एक डोळा उघडून काटा पाहिला आणि मासेवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, कोकणीत.

जखम धुऊन झाली, औषधं लिहून झाली. आम्ही निघणार तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा. त्यांनी गळ्यातली नळी काढली आणि नाचणीच्या छातीला लावली. मग हळदीच्या. मग कोंड्याच्या. औषधात बुडवलेला कापूस घेतला आणि एकेकाच्या पाठीवरून, मानेवरून फिरवला, अगदी सावकाश. बाहेर म्हैस हंबरत होती.

मिरचीजवळ त्या जरा थबकल्या.

"हिला थोडं जास्त लावा," परसूअण्णा म्हणाले. हे त्यांनी स्वतःच कन्नडमध्ये सांगितलं.

दुपारी गिरणीत पाची पिशव्या एकदम सोडल्या. मांजरांनी एकमेकांचा वास घेतला, सगळीकडं दवाखानाच. मिरची थोडी गुरगुरली, ती मला वाटतं स्वतःवरच. रवा झिंगत गेली आणि नाचणीच्या पोटाशी पडली. नाचणीनं तिचं डोकं चाटायला घेतलं.

"आज आमच्याकडं जेवा," मी म्हटलं.

परसूअण्णा आमच्याकडं पुष्कळदा जेवले आहेत. गणपतीला, दिवाळीला. दर वेळी ओट्यावर बसायचे. कपड्यांचं पीठ घरात सांडतं म्हणायचे आणि आम्ही कधी त्यात काही पाहिलं नाही. पाहुणा म्हणेल तिथं ताट नेऊन द्यायचं, एवढंच. बारा वर्षं मी स्वतःच्या हातानं त्यांचं ताट बाहेर ठेवत आले होते.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात तीन ताटं मांडली, शेजारी शेजारी. परसूअण्णा दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"पीठ सांडंल अक्का."

"सांडू दे."

ते तसेच उभे राहिले. आत आमच्या यांनी हातावरच्या रेघांना हळद लावता लावता वर पाहिलं आणि म्हणाले, "या की अण्णा. मिरचीनं मला फाडलंय, निदान शेजारी तरी बसा."

परसूअण्णांनी पायातल्या चपला काढल्या. अंगावरचा सदरा दोनदा झटकला. मग आत आले आणि पाटावर बसले. भातावर आमटी वाढताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांनी आमटी तीनदा मागून घेतली.