वानखेडेसाहेबांची नळी

वानखेडेसाहेब पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी आधी माझ्या शर्टाचं बटण ओढलं. नमस्कार नंतर. मी दार उघडून हात जोडले, तोवर त्यांनी वरून दुसरं बटण चिमटीत धरून झटका दिलाही होता. बटण त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, खिशातून पितळेची एक आखूड नळी काढली, बटण तिच्यात सोडलं आणि ते तळाशी गेल्याचा आवाज ऐकून म्हणाले, "नापास."

"कोण, मी?"

"तूर्त बटण. तुमचं नंतर बघू."

निशानं, म्हणजे माझ्या बायकोनं, डिंकाचे लाडू आणून ठेवले. साहेबांनी एक लाडू नळीच्या तोंडावर टेकवून पाहिला. तो आत जाईना. "पास," म्हणाले आणि खाल्ला. निशा म्हणाली, "बरं झालं. वीस वर्षं उगाच प्रमाणपत्राशिवाय करत होते."

ती नळी म्हणजे लहान मुलाचा घसा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात काय अडकू शकतं, ते तपासायचं माप. जी वस्तू तिच्यात पूर्ण बुडेल, ती त्या वयाच्या मुलाच्या खेळण्यात सुटी असता कामा नये. प्रयोगशाळेत हे माप टेबलावर असतं. परदेशी जाणाऱ्या वस्तू तपासणाऱ्या अशाच एका प्रयोगशाळेतून वानखेडेसाहेब निवृत्त झालेले, आता तेच काम घरून करत. निवृत्त होताना त्यांनी स्वतःसाठी एक लेथवर करून घेतलं होतं आणि ते चष्म्याच्या घरासारखं वरच्या खिशात ठेवत. सुपारी नापास. पेनाचं टोपण नापास. स्वारगेटला बस बदलताना कंडक्टरनं हातावर ठेवलेलं नाणंही त्यांनी तिच्यात टाकून पाहिल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. कंडक्टर म्हणाला, "काका, खरंच आहे ते." साहेब म्हणाले, "म्हणूनच."

मला त्यांची गरज का पडली, ते सांगायला हवं. धायरीला माझा एक गाळा आहे. तिथे आम्ही लाकडी खेळणी करतो. मी करतो असं म्हणायची पद्धत आहे; खरं म्हणजे मंगलताई आणि त्यांच्या हाताखालच्या सात बायका करतात, आणि मी मध्येमध्ये येऊन 'वा वा' म्हणतो. इतकी वर्षं प्रदर्शनात टेबल मांडून विकत होतो. मग जर्मनीतल्या एका दुकानदार बाईंनी बाराशे खुळखुळे मागवले. आमची परदेशातली पहिली ऑर्डर. ही नीट गेली तर गाळा वर्षभर चालणार, नाही तर दिवाळीनंतर चार बायकांना घरी बसवावं लागणार होतं. मंगलताईंना हे मी सांगितलं नव्हतं. त्यांना ते माहीत होतं.

बाईंनी कळवलं की युरोपात विकायच्या खेळण्यावर सुरक्षिततेचं सीई हे चिन्ह हवं. मोबाइलच्या चार्जरवर असतं तेच. ते कुठल्या ऑफिसात मिळतं, याचा मी पंधरा दिवस शोध घेतला. मिळेना, तेव्हा बुधवार पेठेत जाऊन ती दोन अक्षरं असलेला रबरी शिक्काच करून आणला. अक्षरं जरा बारीक, उभट, देखणी करून घेतली. मूळची मला बोजड वाटत होती.

तरी एकदा जाणकाराच्या नजरेखालून जावं म्हणून साहेबांना बोलावलं होतं; तो शिक्का मी त्यांना कौतुकानं दाखवला. त्यांनी कंपास काढून कागदावर एकमेकांना लागून दोन वर्तुळं काढली आणि त्यांतून ती अक्षरं कशी निघतात ते दाखवलं. मग म्हणाले, "शाई कोणती?"

"साधी. शिक्क्याची."

"चाटून पाहिली?"

"मी कशाला चाटू?"

"मूल चाटणार आहे. काहून जी, त्यानं एकट्यानंच चाटायची?"

साहेब मूळचे अमरावतीकडचे. चाळीस वर्षं पुण्यात राहून भाषा इथली झालेली, फक्त चिडले की 'काहून' यायचं. मी विचारलं, "पण हे चिन्ह देतं कोण?"

"कोणी देत नाही. खेळण्याला तर आपलं आपणच लावायचं. सगळ्या चाचण्या करायच्या, फाईल बनवायची, आणि शेवटी एका कागदावर लिहून द्यायचं की ही वस्तू सुरक्षित आहे, जबाबदारी सर्वस्वी माझी. खाली सही तुमची."

"एवढंच?" मी आनंदानं म्हणालो.

साहेबांनी कंपास मिटून ठेवला. "हो," म्हणाले, "एवढंच."

पुढचे दोन महिने ते विश्रांतवाडीहून आठवड्यातून दोनदा धायरीला येत. हातात कापडी पिशवी, पिशवीत वजनं, आणि तोंडात दोनच वाक्यं. एक, "नियम आहे." दुसरं, "नाव काय त्याचं?" हा प्रश्न ते कुणालाही विचारत. मंगलताई रंग लावत असल्या की मागे उभे राहून, "हा खुळखुळा ज्याच्या तोंडात जाणार, नाव काय त्याचं?" मंगलताई पहिल्यांदा गोंधळल्या. नंतर वैतागून त्यांनी हान्स, पीटर, जे सुचेल ते सांगायला सुरुवात केली. साहेब मान हलवून म्हणत, "मग पीटरच्या बाजूची कड जरा घासा."

रंग पास झाला. कडा पास झाल्या. सगळा माल तयार होऊन खोक्यांत भरायला घेतला, आणि साहेबांनी त्यातून हाताला लागतील ते सहा खुळखुळे उचलून बादलीत बुडवले. चार मिनिटं पाण्यात, मग बाहेर, मग परत पाण्यात. असं चारदा. मग खुळखुळ्याचं टोपण अडकवून खाली वजन टांगलं. पाच टिकले. सहाव्याचं टोपण सुटलं आणि आतले मणी फरशीवर सांडले. साहेब वाकले, एक मणी वेचून नळीत टाकला. तो आवाज मला आता ओळखू यायला लागला होता.

माल निघायला नऊ दिवस होते.

मी म्हणालो, "सहांतला एक. बाराशे उघडायचे का?"

"सगळे."

तेव्हा मला एक युक्ती सुचली. मला आयुष्यात ज्या ज्या युक्त्या सुचल्या, त्यांची यादी निशाकडे आहे. हिचा नंबर वरचा आहे. काही खेळण्यांवर 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' अशी चिठ्ठी पाहिली होती. म्हटलं, तीच लावून टाकू. म्हणजे प्रश्नच मिटला.

साहेब शांतपणे म्हणाले, "खुळखुळ्यावर? मग तो वाजवणार कोण, तुम्ही?"

"कायद्यातून सुटतो ना आपण?"

"नाही सुटत. जे तान्ह्यासाठीच असतं, त्याच्यावर ती चिठ्ठी चालत नाही. नियम आहे. नाव काय त्याचं—"

आणि मी तडकलो. सगळ्या बायकांसमोर म्हणालो, "नाव, नाव! माझ्याकडे सात बायकांची नावं आहेत, ती सांगू? तुम्हाला काय जातंय? तुमच्या घरात आहे का कोणी लहान मूल?"

साहेबांनी नळी रुमालानं पुसली, खिशात ठेवली, वजनं पिशवीत भरली. मंगलताईंना म्हणाले, "येतो ताई." आणि गेले.

मंगलताई खाली बसून मणी वेचत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझ्या नातवाला दात येतायत. घरी नेलाय मी ह्यातलाच एक." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आज काढून घेते त्याच्याकडून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विश्रांतवाडीला गेलो. माफी मागायला गेलो होतो असं लिहायला मला आवडेल. पण आमची फाईल त्यांच्याकडे होती, हेही तितकंच खरं.

दोन खोल्यांचं घर. एक पलंग, एक खुर्ची, कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्याशेजारी पत्नीचा फोटो. बाकी सगळी भिंत फायलींनी भरलेली. साहेब चहा टाकायला आत गेले. माझी फाईल शोधायची म्हणून मी एक काढली. ती विजेच्या किटलीची होती. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'इरा, अकरा महिने. वायर ओढेल.' दुसरी टेबलावरच्या दिव्याची. 'इरा, अडीच वर्षं. बटणाशी खेळेल.' सायकलवर घालायच्या हेल्मेटची : 'इरा, पाच वर्षं. पट्टा हनुवटीला चिमटेल.' मी आणखी चारपाच काढल्या. मग शोधायचं थांबवलं.

साहेब कप घेऊन दारात उभे होते.

"नात," म्हणाले. "मुलाची. तिकडे युरोपातच असतात. सहाची झाली."

"तुम्ही गेलात कधी?"

"माझ्या वस्तू जातात ना." त्यांनी कप ठेवला. "एकदा आणलं होतं तिला. आठ महिन्यांची होती. मांडीवर बसली, आणि माझ्या शर्टाचं बटण तोडून तोंडात घातलं. बोट घालून काढलं मी. पक्कं शिवलेलं होतं हो. आठवड्यानं ते परत गेले. रविवारी फोन येतो. आता मराठी येत नाही तिला फारसं. 'आजोबा' म्हणते. मग आम्ही एकमेकांकडे बघत बसतो."

माझी फाईल त्यांनी स्वतः काढून दिली. कोपऱ्यात लिहिलं होतं : 'इरा, सहा वर्षं.' त्यावर काट मारलेली. खाली : 'आठ महिन्यांची धरून.'

माफी मागितली ती तेव्हा. साहेब म्हणाले, "चहा निवतोय."

बाईंना मी खरं काय ते कळवलं. त्यांनी तीन आठवडे वाढवून दिले आणि खाली एका ओळीत विचारलं, हा दोष कुणी शोधला? मी साहेबांचं नाव कळवलं. आम्ही बाराशेच्या बाराशे उघडले. टोपणाला आडवी लाकडी खुंटी बसवली, नवा सरस वापरला, पुन्हा बादली, पुन्हा वजन. या वेळी साहेबांनी सहा नव्हे, साठ बुडवले. एकही मणी सुटला नाही. चार बायकांना घरी बसवायची वेळ आली नाही. मंगलताईंच्या नातवाला नवा खुळखुळा मिळाला.

शेवटच्या दिवशी तो कागद माझ्यासमोर आला. जबाबदारी सर्वस्वी माझी. सुरुवातीला ज्या सहीला मी 'एवढंच' म्हणालो होतो, ती करताना मी पेन दोनदा खाली ठेवलं. साहेबांनी घाई केली नाही.

खोकी बंद होत होती. मी म्हणालो, "साहेब, इराला एक पाठवूया?"

"सहा वर्षांची मुलगी खुळखुळ्याचं काय करणार?" ते म्हणाले. मग वळून त्यांनी उघड्या खोक्यातून एक खुळखुळा उचलला, कानाशी नेऊन हलवला. नळीच्या तोंडावर टेकवून पाहिला. तो आत जाणार नव्हताच. "हा एक मी ठेवतो."

मला वाटलं, फाईलसोबत नमुनाही ठेवावा लागत असेल. फाईल तर दहा वर्षं जपायची असते. "नियम आहे का?" मी विचारलं.

साहेबांनी नळी पिशवीत टाकली आणि वरच्या खिशात तिच्या जागी खुळखुळा ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "नियम नाही."