बोराटी खड्ड्यातच ठेवावी

आमच्या गोडाऊनमधल्या प्रिंटरचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला मार्करने लिहिलेलं दिसतं : "थांब! आधी दोन डॅश टाकून ट्रायल लिही. पडद्यावर बघ, मगच छाप." हे अक्षर इथल्या नोंदी ठेवणाऱ्या अनंत भोईर काकांचं. कागद संपल्यावरच माणूस झाकण उघडतो आणि कागदाची किंमत त्याला तेव्हाच कळते, असं त्यांचं म्हणणं.

वडपे गावातल्या या गोडाऊनमध्ये मालाची आवक-जावक एका जुन्या प्रोग्रामवर नोंदवतात. त्यात माऊस चालत नाही. काळा पडदा, त्यावर कमांड टाइप करायची. ज्याने तो लिहिला तो केव्हाच सोडून गेला, आणि मागे एक चिठ्ठीही ठेवली नाही. त्यातल्या आडबाजूच्या खुब्या काकांनी इतक्या वर्षांत चुका करत शोधल्या. खुबी सापडली की ते लगेच लिहून ठेवत. फक्त वहीत कधीच नाही.

पाठवलेला माल परत नोंदीत घ्यायची कमांड शटरच्या चौकटीवर आहे. मी विचारलं, "काका, शटरवर का?"

"चुकीचा माल चढला म्हणून कळलं, की माणूस पयला कुठं पळतो? गाडी गेली का ते बघायला. मग तिथंच वाचंल ना? मान्य हाय?"

वस्तूचं नाव अर्धंच आठवत असेल तर ती शोधायची युक्ती चहाच्या थर्मासवर आहे. "आठवत न्हाय तवा माणूस चहाच पितो. मान्य हाय?"

'मान्य हाय?' हा प्रश्न नसे. उत्तराची वाट न बघता काका पुढे निघून गेलेले असत.

मी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील लूमवर कामाला, आई घरी कपड्यांचे धागे कापते. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरात मी पहिलीच, त्यामुळे कुणी काम सांगितलं की मी आधी घाबरते, मग करते. इथे मी इंटर्नशिपला आले आणि काका महिनाअखेर निवृत्त होणार असं कळलं. मॅनेजर नीलेश सर म्हणाले, "काकांच्या सगळ्या कमांड एका फाइलमध्ये आण. एकही सुटता कामा नये. मग सर्टिफिकेटवर सही."

काकांना हे सांगितलं तर ते हसले. "फाइल कुठं ठेवणार?"

"ऑफिसच्या कपाटात."

"अगो पोरी, वाटंत खड्डा असला तर आमी बोराटीची काटेरी फांदी खड्ड्यात खुपसतो. ग्रामपंचायतीत नेऊन ठेवत न्हाय." मग माझ्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "तू बसलीस ना, तिथं आमचं खळं होतं. या जमिनीत कुठं पाय मुरगळतो ते मना इचार."

माहिती एका जागी असावी असं कॉलेजात शिकवलं होतं, आणि काकांचंही खोटं नव्हतं. वही घेऊन मी प्रिंटर, शटर, थर्मास, हात धुवायच्या जागेवरचा आरसा असं सगळं उतरवत फिरले. फोर्कलिफ्ट चालवणारे गुड्डूभाई सगळ्यांना सांगत, "मॅडम कॉलेज से दीवार पढ़ने आती हैं."

चाळीस कमांड जमल्या, पानाला एक. एक मात्र कुठेच लिहिलेली नव्हती. दोघांनी एकच नोंद उघडली की पडद्यावर 'लॉक' येतं आणि लोडिंग थांबतं. मग गुड्डूभाई ओरडतात, "चाचा, अटक गया!" काका येतात, परीक्षेत पेपर झाकावा तसा डावा हात कीबोर्डवर आडवा धरतात, काहीतरी टाइप करतात आणि म्हणतात, "सुटलं."

"काका, हे कुठं लिहिलंय?"

"ऱ्हाऊ दे ते."

शेवटी मी प्रोग्रामलाच विचारलं. 'हेल्प' टाइप केल्यावर चार पानं सरकली, नुसती नावं, अर्थ कुठेच नाही. पुढच्या वेळी लॉक आलं तेव्हा काका जेवायला गेले होते. मी एकेक नाव घालून बघितलं. चौथ्या पानावरचं शेवटचं लागलं. फाइलचं पान एकेचाळीस त्याच दिवशी पूर्ण झालं, आणि रविवारी, काकांच्या सुट्टीच्या दिवशी, मी ती दाखवायला त्यांच्या घरी गेले.

गोडाऊनला विकलेल्या जमिनीच्या पैशातून बांधलेलं दुमजली घर. वरच्या मजल्याला कुलूप. मुलगा-सून ठाण्याला, काकू जाऊन तीन वर्षं झाली. काका एकटेच जवळ्याची सुकी मासळी निवडत बसले होते. फोन जवळच्या स्टुलावर चार्जिंगला, आवाज पूर्ण मोठा.

तो वाजला. काकांनी हात पुसले, चष्मा लावला, तिसऱ्या रिंगला उचलला.

"बोल गुड्डू. अटकलं? लिही, सांगतो." एकेक अक्षर सांगून झालं. "सुटलं? आता विसर. पोरीचा खोकला कसा हाय? अजून? अरे, मग डॉक्टरला दाखव ना. आणि जेवलास का तू?"

काम मिनिटभराचं होतं. फोन पंधरा मिनिटं चालला. बॅटरी भरलेली असूनही काकांनी तो परत चार्जिंगला लावला. मग माझ्या हातातली फाइल घेऊन चाळत चाळत शेवटच्या पानावर थांबले.

"सापडलं तुला."

"हो."

"हे एक न्हाय लिहिलंस तर चालंल का?"

या वेळी ते उत्तरासाठी थांबले होते.

"काका, सर म्हणालेत एकही सुटू नये," मी कसंबसं म्हणाले.

"खरं हाय," म्हणून ते पुन्हा जवळा निवडू लागले.

सोमवारी मी फाइल सरांना दिली, पान एकेचाळीससकट. सरांनी ती हातात तोलली, "चांगली जाड झालीये," म्हणाले, सही केली आणि फाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मग मी मार्कर घेतला. पडद्यावर जिथे 'लॉक' उमटतं, बरोबर त्याच्या खाली, मॉनिटरच्या कडेवर लिहिलं : "अडलं तर भोईर काकांना फोन करा." पुढे नंबर.

सर मागे येऊन उभे राहिले. "हे फाइलमध्ये नाहीये का?"

"आहे सर, पान एकेचाळीस. पण अडल्यावर माणूस इथं बघतो." सरांशी बोलताना पहिल्यांदाच मी अडखळले नाही. त्यांनी वाकून ती ओळ नंबरासकट वाचली आणि ते आपल्या कामाला गेले.

पुढच्या महिन्यात काकांची खुर्ची रिकामी झाली. चौथ्या दिवशी लॉक आलं. गुड्डूभाईंनी माझी ओळ वाचली, फोन लावला. मी शेजारी उभी राहून मनात रिंग मोजत होते. तिसऱ्या रिंगला काकांनी उचलला. एकेक अक्षर टाइप झालं, लोडिंग सुरू झालं. गुड्डूभाईंनी मात्र फोन ठेवला नाही. ते फोर्कलिफ्टला टेकून नीट उभे राहिले आणि म्हणाले, "नहीं चाचा, अभी कहाँ खाया."