चंद्रावर पाऊल ठेवायला सक्त मनाई

चंद्र मी केलाय. हो, मीच! उगाच हसू नका. लंडनबाहेरच्या आमच्या स्टुडिओत, एकोणीसशे सहासष्ट साली, तीन नंबरच्या शेडमध्ये. अंतराळप्रवासाच्या ज्या सिनेमावर आता दाढीवाली पोरं जाडजूड प्रबंध लिहितात, त्याचा चंद्र मी, क्लिफर्ड टॅप्सेलने, स्वतःच्या हातांनी चाळला होता! सिमेंट आणि कोळशाची राख, बरोबर चार टन, पिठाच्या चाळणीने. तीन आठवडे! संध्याकाळी घरी गेलो की आमची बायको मॉरीन मला मागच्या दारी उभा करून सतरंजीसारखा झोडपायची, मगच घरात घ्यायची.

पण चंद्र काय झाला होता, महाराजा! त्यावर माशी बसली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. आमचे डायरेक्टर हार्कनेससाहेब जन्मात कोणाला चांगलं म्हणायचे नाहीत. तेसुद्धा म्हणाले, "टॅप्सेल, बरा आहे." मी दोन दिवस हवेत!

"फक्त एक लक्षात ठेव," साहेब पुढे म्हणाले. "या धुळीवर पहिलं पाऊल अंतराळवीराचं उमटणार. त्याआधी दुसरं कोणाचं दिसलं, तर उद्यापासून तू घरी."

"साहेब, मला विचारल्याशिवाय चंद्रावर मुंगीसुद्धा चढणार नाही!"

छाती ठोकून बोललो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

शूटिंगच्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही लायोनेल फ्रिपला तारांनी बांधून वरून अलगद चंद्राच्या मधोमध, यानाच्या शिडीवर उतरवला. लायोनेल म्हणजे अगदी गरीब गाय. बावीस वर्षं सिनेमात होता, पण वाट्याला काय यायचं? कधी पोलीस, कधी वेटर, आणि तीनदा प्रेत! अंतराळवीर पहिल्यांदाच. पांढरा फुगीर पोशाख, डोक्यावर काचेचं शिरस्त्राण, पाठीला हवेची बाटली. तारा तशाच ठेवल्या, कारण चंद्रावर माणसाने हलकं हलकं चालायचं असतं.

साहेब भोंग्यातून ओरडले, "लायोनेल, मी सांगेपर्यंत अजिबात हलायचं नाही!"

आणि नेमका तेव्हाच मोठा दिवा फट्‌कन गेला. दिवेवाले शिडीवर चढले. तेवढ्यात बाटल्या बदलणारा सिड माझ्यापाशी आला.

"क्लिफ, सरक जरा. लायोनेलची बाटली वीस मिनिटांचीच आहे. बदलून येतो."

"जाणार कुठून?"

"पायांनी! उडत जाऊ का?"

"माझ्या चंद्रावरून? वेडबीड लागलंय का तुला?"

"अरे, पण त्याची हवा..."

"दिवा पाच मिनिटांत लागतोय. शॉट झाला की बदल."

"आणि नाही लागला तर?"

"तर तो हात हलवेल ना! लहान बाळ आहे का? मला शिकवू नकोस, पंचवीस वर्षं झाली या धंद्यात!"

सिड पुटपुटत निघून गेला. दिवा काही लागेना. आणि साडेदहा वाजले.

साडेदहा म्हणजे चहा. युनियनचा नियम! छत कोसळत असलं तरी आमचा माणूस म्हणणार, "थांब बाबा, चहा झाल्यावर कोसळ." दिवेवाले शिडीवरून उतरले. तारावाल्यांनी तारा खुंटीला गुंडाळल्या आणि तेही उतरले. साहेब कपाळावर हात मारून बाहेर गेले. मी मात्र फावडं घेऊन चंद्राच्या काठावर पहाऱ्याला. लायोनेलकडे पाहिलं तर हा पुतळ्यासारखा उभा!

"बघा रे, बघा!" मी सगळ्यांना म्हणालो. "याला म्हणतात नट! सगळे उठून गेले, पण साहेबांनी सांगितलं हलू नको म्हणून गडी हलला नाही! शिका काहीतरी!"

सगळ्यांनी तोंडातले बन चावत माना डोलावल्या. देवा, तेव्हा माझ्या अकलेला काय झालं होतं कोण जाणे.

मग पॉबजॉयबाई आल्या. आमच्या चहावाल्या. पुढे गाडी, गाडीवर मोठं तांब्याचं भांडं, मागे बाई. महायुद्धात स्टुडिओवर बॉम्ब पडले त्या दिवशीसुद्धा बाईंचा चहा साडेदहालाच आला होता. त्यांनी काठावरून हाक मारली.

"लायोनेल! साखर किती?"

काचेतून त्याला ऐकू यायचं नाही. पण रोज गाडी दिसली की तो दोन बोटं वर करायचा. दोन चमचे. आज बोटं नाहीत.

"क्लिफ, हा काही सांगत का नाही?"

"बाई, तो भूमिकेत शिरलाय."

"चहाच्या वेळी?" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चार वर्षांचा झालो. "मेल्या, चहा विचारल्यावर गप्प राहणारा इंग्रज पाहिलायस कधी? जिवंत?"

आणि पुढचं मला अडवताच आलं नाही हो! बाईंनी गाडी वळवली आणि सरळ चंद्रावर घातली! माझ्या तीन आठवड्यांवरून चर्रर्र करत दोन चाकं आणि मागे बाईंच्या सपाता!

"बाई! थांबा! माझी नोकरी!" मी फावडं टाकून धावलो. धावताना डोंगराला कोपर लागलं. प्लॅस्टरचा डोंगर, मधोमध दुभंगून दरीत गेला. मी गाडी मागून धरली. बाई पुढे ओढतायत, मी मागे ओढतोय, आणि भांडं कलंडलं. चाळीस माणसांचा कडक चहा चंद्रावर! खाली सिमेंट! माझे दोन्ही बूट घोट्यापर्यंत लगद्यात रुतले. अडकलेली गाडी सोडून बाई एकट्याच पुढे गेल्या आणि त्यांनी काचेत डोकावून पाहिलं.

"क्लिफ!" त्यांचा आवाज फाटला. "पोरगा निळा पडलाय रे!"

लायोनेल उभा नव्हताच. बेशुद्ध होऊन तारांवर लटकत होता.

त्या क्षणी मला कसला चंद्र आणि कसली नोकरी! बूट तिथेच सोडून मोज्यांनी पळालो. शिरस्त्राणाच्या चार खिट्या मीच बसवल्या होत्या, पण आता घाईत एक खिटी सापडेना. "डावीकडची! डावीकडची ओढ!" बाई ओरडल्या. निघालं एकदाचं! बाईंनी लायोनेलच्या दोन सणसणीत कानाखाली दिल्या. काही नाही. हातातला दुधाचा जग तोंडावर ओतला. काही नाही. मी मोठमोठ्याने देवाची माफी मागू लागलो. बाईंनी तिसरी दिली.

"हाऽऽ!" लायोनेलने असा श्वास घेतला की जवळची धूळसुद्धा उडाली. डोळे उघडले. चेहऱ्यावरून दूध ओघळतंय, आणि हा पठ्ठ्या विचारतो, "शॉट... चांगला झाला का?"

मी त्याला मिठी मारून लहान मुलासारखा रडलो.

मागून आवाज आला, "चंद्रावर बाईंना कोणी सोडलं?"

हार्कनेससाहेब! समोर फुटलेला डोंगर, चहाचा समुद्र, त्यात घट्ट होत चाललेले माझे बूट. मी म्हणालो, "साहेब, मी कोणालाच सोडत नव्हतो. सिडलासुद्धा. तिथेच चुकलो. बाईंनी ऐकलं नाही म्हणून हा वाचला. उद्यापासून मी घरी."

साहेबांनी रुमाल काढून लायोनेलच्या तोंडावरचं दूध पुसलं. मग म्हणाले, "घरी कसला जातोस? नवा चंद्र कोण चाळणार?"

पुन्हा तीन आठवडे! पण खरं सांगतो, इतक्या आनंदाने मी कधीच राबलो नाही. पॉबजॉयबाईंच्या पाया पडावंसं वाटे, पण आमच्यात ती पद्धत नाही, म्हणून रोज त्यांची गाडी पुसून द्यायचो.

वर्षभराने सिनेमा लागला. मॉरीनला, बाईंना आणि लायोनेलला घेऊन मी पहिल्या खेळाला गेलो. "आता बघ हं, आता चंद्र!" मॉरीनला कोपराने ढोसून ढोसून तिची फासळी दुखवली. यान निघालं, यान पोचलं, दार उघडलं... आणि एकदम सगळे पृथ्वीवर परत! साहेबांनी चंद्राचा अख्खा प्रसंग कापून टाकला होता. आठ टन राख, दोन डोंगर, सहा आठवडे, सगळं कात्रीत! आणि लायोनेलचं आयुष्यातलं एकमेव अंतराळसुद्धा.

आता याला काय सांगू, म्हणून भीतभीत शेजारी वळलो. लायोनेल मान मागे टाकून ढाराढूर झोपला होता. घोरत होता, अख्खं थिएटर हादरेल असा!

"अहो, त्यांना उठवा ना जरा!" मागच्या रांगेतून एक बाई चिडून म्हणाल्या.

"अजिबात नाही!" मी डोळे पुसत म्हणालो. "घोरू द्या हो त्याला! हवा तेवढा वेळ घोरू द्या!"